यंदाच्या पोट्ट्या

३ जून, मंगळवार

अकरातल्या पाच जणी पास होऊन गेल्या. गोलकीपर, दोन्ही बॅक, डावी विंग आणि मधली शिल्पा. आनंद आहे, पण टीम अर्धी झाली. आज प्राचार्य म्हणाले, "मॅडम, मुलींचं फुटबॉल यंदा सुरू ठेवायचं की..." वाक्य त्यांनी अर्धं सोडलं. मी ते पुरं होऊ दिलं नाही. म्हटलं, पाच मुली आणते.

प्रवेश ३० तारखेला, संध्याकाळी पाचला बंद. हातात आत्ता एकही नाही.

५ जून, गुरुवार

सेमाडोह. परतवाड्यापर्यंत बस, पुढे जीप, माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी. तिथल्या आश्रमशाळेत माझी जुनी विद्यार्थिनी शिक्षिका आहे, तिनेच फोन केला होता. "मॅडम, एक पोट्टी आहे, फुलवंती. फुटबॉल खेळलीच नाई कधी. पण पाहून घ्या."

बारावी झालेली. हातपाय लांब, बोलणं जवळजवळ नाही. दोन दगड ठेवले, तिला मधे उभं केलं. मी स्वतः मारले. वय झालं तरी पाय अजून बरा आहे माझा. पहिले चार हळू, मग जोरात. एकच आत गेला, आणि तो गेल्यावर मागे वळून त्याच्याकडे अशी पाहत राहिली, जणू बॉलनेच काही चूक केली. अनवाणी. मुरमावर आडवी पडायची, उठायची, कोपराचं रक्त फ्रॉकला पुसायची, परत तयार. कोणी शिकवलं विचारलं तर हसली.

आई कोरकू बोलते, मराठी थोडी. शिक्षिकेने सांगितलं, आई विचारून राहिली, तिथं ही कोणाजवळ झोपेल? मी म्हटलं हॉस्टेलच्या खोलीत तिघी असतात. आई परत बोलली. शिक्षिका हसत, "बोलणारी एक तरी ठेवा म्हणते. हिले झोपताना गोष्ट ऐकाची सवय आहे."

परतीला जीपमध्ये एकटीच हसत होते.

८ जून, रविवार

अकोला. गेले होते निखतला पाहायला. जुन्या शहरातली, डावी विंग, वारा आहे नुसता. तिचे अब्बू शिलाईचं काम करतात. तिच्या टीमच्या सगळ्या जर्सीवरचे नंबर त्यांनी हाताने शिवलेत, आणि निखतच्या सातावर थोडा जास्तच धागा आहे. दोन बॅकना चकवून ती गेली तेव्हा ते टाळ्या न वाजवता नुसते उभे राहिले.

पण आजचा दिवस दुसरीचाच.

मॅच सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर एक मुलगी धावत आली. बाह्या ओल्या, हाताला सांबाराचा वास. भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुड्या उतरवून थेट ग्राउंडवर. नाव वैष्णवी. मधे उभी राहिली आणि मॅचचा वेगच बदलला. बॉल पायात असताना ती बॉलकडे पाहतच नाही! मान वर, सगळं ग्राउंड बघत. तिघी अंगावर आल्या तर त्यांच्या मधून, टाचेने, मागे न पाहता निखतला पास. निखतलाही कळलं नव्हतं की तिला बॉल मिळणार आहे.

असं खेळणं इतक्या वर्षांत मी एकदाच पाहिलं होतं. अर्चनाचं. आणि अर्चना समोरच्या बाजूला खुर्ची टाकून बसली होती.

माझी अर्चना. एके काळची माझी कॅप्टन, आता नागपूरच्या एका कॉलेजची कोच. मॅच संपल्यावर पाया पडली, मग चहाला नेलं.

"तू वैष्णवीसाठी आलीस."

"हाव मॅडम."

"मीपण."

"मले माहीत होतं. तुमीच शिकवलं ना, आवडला प्लेअर तं सोडाचा नाई."

दोघी हसलो. चहा मात्र दोघींचाही अर्धा राहिला.

११ जून, बुधवार

वैष्णवीच्या मळ्यावर. अकोल्याच्या बाहेर, सांबार, मेथी, पालक, एका तुकड्यात झेंडू. वडील गजाननभाऊ, आई रेखाताई. पोहे, त्यावर तर्री, नको म्हणायची सोय नाही.

कळलं ती मान वर करून का खेळते. वाफ्यांमधली वाट वीतभर. लहानपणापासून त्या वाटेवरून बॉल नेते, वर पाहत, कारण बाप पलीकडून येताना दिसला पाहिजे. आणि बॉल वाफ्यात गेला तर?

रेखाताई म्हणाल्या, "एक रोप मोडलं का मी पानी नाई पेऊ देत होती तिले. आता नाई मोडत."

वै. मान खाली घालून पोहे खात होती. मैदानावर राणी, घरी अगदी लहान पोर.

दाखव म्हटलं. चप्पल काढून गेली, वाटेच्या टोकाला जाऊन वळून आली. एक पान हललं नाही.  

भाऊंनी सांगून टाकलं, नागपूरवाल्या मॅडमही येऊन गेल्या. तिथं गवताचं ग्राउंड आहे, फिजिओ आहे, बाहेरच्या टीमांशी मॅचेस. मी आमच्याबद्दल सांगितलं. मुरमाचं ग्राउंड, सकाळची प्रॅक्टिस, घर दोन तासांवर. ऐकून घेतलं. "पाहू" म्हणाले.

१४ जून, शनिवार

निखतचा फॉर्म भरला. अब्बू स्वतः आले होते, सही करण्याआधी पेन दोनदा पुसला. मला म्हणाले, "मॅडम, दौडने देना इसको. पढाई का मैं देख लूंगा." अचलपूरच्या दोघी बॅक, सख्ख्या बहिणी, त्यांचंही झालं. भांडत आल्या, भांडत गेल्या. बॅक म्हणून अशाच हव्यात.

तीन झाल्या.

१७ जून, मंगळवार

फुलवंती आईसह आली. सेमाडोहहून पहाटे निघालेल्या. कागद सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत, एकही कमी नाही, शिक्षिकेची कृपा. हॉस्टेलला तिला निखतच्या खोलीत टाकलं. आईला सांगितलं, ही अकोल्याची, तोंड बंद होत नाही हिचं. निखतने लगेच विचारलं, "तुमच्याकडे वाघ येतो का सच्ची?" फुलवंती पहिल्यांदा दोन वाक्यं सलग बोलली. आईने दोघींकडे पाहिलं आणि पिशवी उचलून निघाली. मागे वळून पाहिलं नाही. मला ते फार मोठं वाटलं.

चार.

२० जून, शुक्रवार

गजाननभाऊ वैष्णवीला घेऊन ग्राउंड पाहायला आले. चिखल वाळून कडक झालेला. मी गोलपोस्टचं फाटलेलं जाळंही दाखवलं, लपवायचं काय. वै. ने बूट घातले आणि फुलवंतीला म्हणाली, "थांब तिथं." वीस मारले. किती अडले मोजायचं विसरले. एकमेकींना ओळखत नव्हत्या आणि तासाभरात एकमेकींवर ओरडत होत्या.

भाऊ बाकावर माझ्याजवळ. बराच वेळ पोरीकडे पाहत. मग सरळ विचारलं,

"मॅडम, मले खेळातलं काई समजत नाई. तुमची पोरगी असती तं तुमी कुठी टाकली असती?"

पाच तारखेपासून याच मुलीसाठी... नाही, आठपासून. प्राचार्यांना शब्द दिलेला. समोर ती धावत होती.

"नागपूरले," मी म्हटलं.

भाऊ माझ्याकडे पाहत राहिले. "खरं बोलून राहिले ना?"

"खरं. अर्चना माझ्यापेक्षा चांगली कोच आहे. मी जे दहा वर्षांत शिकले ते तिला आत्ताच येतं. आणि ग्राउंड पाहताच आहात."

 भाऊंनी जाताना हात जोडले. वैष्णवीने ऐकलं की नाही ठाऊक नाही. बसमध्ये चढताना मला नुसती मान हलवली.

२१ जून, शनिवार

घरी सांगितलं. हे म्हणाले, "झालं. स्वतःच्याच गोलमध्ये मारून आलीस." चिडून नाही, पण बोलले.

त्यांना कारण माहीत आहे, तरी. अर्चना दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा पुण्याहून एक कोच तिला न्यायला आले होते. मी तिला म्हटलं, इथंच थांब, फायनल जवळ आली आहे, तुझ्याशिवाय कसं. थांबली. फायनल जिंकलो. फोटो अजून ऑफिसात आहे, तिच्या शेजारी मी, ढाल माझ्या हातात. पुण्याचे कोच परत आले नाहीत. अर्चनाने आजवर एका शब्दाने काही म्हटलं नाही. म्हणूनच जास्त टोचतं.

काल भाऊंनी विचारलं तेव्हा तो फोटो डोळ्यांपुढे होता. चांगुलपणा वगैरे नाही.

२४ जून, मंगळवार

अर्चनाचा फोन. ग्राउंडवरच होते.

"मॅडम, गजाननभाऊचा फोन आल्ता. म्हणे तुमच्या मॅडमनंच तुमचं नाव घेतलं. काहून असं केलं तुमी?"

सांगितलं. पुण्याचं. पहिल्यांदाच. सगळं सांगितलं.

 अर्चना म्हणाली, "मॅडम, तुमी मले थांबवलं असं वाटते तुमाले? मी थांबली. मले थांबाचं होतं. आई आजारी होती तेव्हा. तुमाले कुठं माहीत."

मला खरंच माहीत नव्हतं. रोज तिच्याबरोबर ग्राउंडवर होते आणि माहीत नव्हतं.

"आता ऐका," म्हणाली. "वैष्णवी माझ्याकडे येऊन गेली. दोन दिवस राह्यली, खेळली. लय आवडलं तिले. पण मी तिले सांगितलं, आता मॅडमकडे जाऊन दोन दिवस राह्य. मंग ठरव. कोनाच्या सांगन्यावर नको ठरवू. माझ्यापण नाई, मॅडमच्यापण नाई."

"तू वेडी आहेस, अर्चू."

"तुमचीच," म्हणाली.

माझी सगळ्यात चांगली खेळाडू कोण, कोणी विचारलं तर आजपासून मला विचार करावा लागणार नाही. गोल केले म्हणून नव्हे.

२८ जून, शनिवार

वैष्णवी दुपारच्या बसने आली. सॅक, बूट, आईने दिलेली मेथी, मेसवाल्या काकूंना. प्रवेशाचे दोन्ही कागद जवळ आहेत, आमचे आणि नागपूरचे. तिथलीही मुदत तीसच, अर्चनाने तिचा फॉर्म मोबाइलवरून भरायची सोय करून ठेवली आहे. भाऊ म्हणाले म्हणे, "तुये पाय हायेत, तूच पाह्य कुठी नेतात."

निखत आणि फुलवंतीच्या खोलीत तिसरा पलंग रिकामा होता. तिथे ठेवली. मी काही विचारायचं नाही ठरवलं आहे.

२९ जून, रविवार

सकाळी साडेसहाला प्रॅक्टिस. जुन्या सहा, नव्या चार, आणि ती. पूर्ण अकरा पहिल्यांदा.

काय लिहू. बॅक बहिणी भांडतात पण मधून मुंगी जाऊ देत नाहीत. निखतला आता वैष्णवीचा पास कुठे येणार ते कळायला लागलंय, ती आधीच धावायला लागते. फुलवंती गोलमधून ओरडते, कोरकूत. कोणाला शब्द कळत नाहीत, पण सगळ्या बरोबर जागेवर सरकतात. आणि मधे वै. धावते तेव्हा इतर मुली मोठ्या दिसतात. असं फार थोड्यांचं असतं, बरोबरच्यांना मोठं करणं.

सगळ्यांचे गुडघे सोलले. मुरूम तो मुरूमच. वैष्णवी नळावर गुडघा धुताना म्हणाली, "मॅडम, नागपूरले पडलं तं लागत नाई." मी म्हटलं, हो. खरंच आहे.

"पन तिकडे कोनी एवढं ओरडत नाई," म्हणाली आणि गेली.

यातून काय समजायचं?

३० जून, सोमवार

सकाळी ऑफिसात क्लार्कला सांगून ठेवलं, एक फॉर्म कदाचित येईल, कदाचित नाही. प्राचार्य दोनदा येऊन गेले. "चार तर झाल्या ना मॅडम, टीम उभी राहते. प्रवेश घेतलेल्या दहा आहेत, अकरावी मुलगी बी.ए.च्या वर्गातून कोणी काढू." मी हो म्हटलं. टीम उभी राहील, यंदा मुलींचं फुटबॉल बंद होणार नाही हे त्यांच्या तोंडून निघालं, तेवढं पदरात पाडून घेतलं. पाचवी कुठेही गेली तरी मी तिचा खेळ पाहायला जाईन. नागपूरला गेली तर अर्चनाच्या शेजारी खुर्ची टाकून.

दुपारी अर्चनाचा मेसेज: "इकडे नाही भरला अजून. तिकडे?" मी लिहिलं, "नाही."

आत्ता ग्राउंडच्या कडेला बसून लिहिते आहे. सव्वाचार. वैष्णवी आणि फुलवंती पेनल्टी खेळत आहेत. निखत मोजते आहे आणि दोघींच्याही बाजूने खोटं मोजते आहे. वैष्णवीची सॅक माझ्या पायाजवळ, बंद.

मघाशी तिने विचारलं, "मॅडम, ऑफिस किती वाजेपर्यंत उघडं राह्यते?"

"पाच."

तिने घाम पुसला, बॉल परत खुणेवर ठेवला.

"मंग अजून दहा तं आरामात होतात," म्हणाली, आणि फुलवंतीला ओरडून, "ए, तयार हाये का?"

फुलवंतीने हात पसरले आहेत.