बंद राहणार नाही

६ मार्च २००६, सोमवार
बंडूच्या जीपमध्ये भोंग्याचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, बसवला. मागच्या सीटखाली, पालथा, वर फोम, फोमवर रेक्झिन. धूळ जाणार नाही, चोर बघणार नाही, वायरचा तुकडासुद्धा दिसत नाही. बंडू वाकून वाकून शोधत होता. "बसवला का नाई बसवला?" ही मी तारीफच समजतो.
जीप कापूस खरेदी केंद्राच्या पुकाऱ्यासाठी. मजकूर अण्णांनी लिहून दिला. रिटायर झाले तरी वडिलांच्या अंगातून तहसील कचेरी जात नाही. "शेतकरी बंधूंनो, येत्या शनिवारी कापूस खरेदी केंद्र बंद राहणार नाही, याची नोंद घ्यावी." आवाज रेखाचा. घरात माझ्याशी बोलताना बायको दहादा अडते, कॅसेट भरताना एकदाही नाही.

९ मार्च, गुरुवार
बंडू आला होता. "आवाज मधातच जाते, मंग आपोआप येते." वायर लूज असेल म्हटलं. वायर घट्ट होती. सीटला हात लावला तर चटका बसला. म्हटलं, मार्चचं ऊन, राळेगाव गाव, सीट तापायचीच. त्याला चहा पाजून पाठवला.

१२ मार्च, रविवार
गजूचा फोन, गावच्या एसटीडीवरून. गजू म्हणजे साळा, रेखाचा भाऊ. त्यांचा कापूस काल केंद्रावर आलाच नाही. मामाजींनी, म्हणजे रेखाच्या वडिलांनी, बैलगाडी भरून ठेवली होती. शुक्रवारी जीप गावात गेली. रेखाचा आवाज आला, "येत्या शनिवारी कापूस खरेदी केंद्र बंद", आणि तिथंच गेला. बंडूला वाटलं कॅसेट संपली, त्यानं जीप पुढच्या गावाला काढली. मामाजींनी भरलेली गाडी रिकामी केली. त्यांचं बघून अर्ध्या गावानं केली.
गजू म्हणाला, "दुसऱ्या कोनी सांगतलं असतं तर इचारलं असतं भाऊजी. घरची पोरगी सांगून राह्यली म्हटल्यावर काय इचाराचं?"
त्या बाजूच्या गावांचा तो शेवटचा दिवस होता. आता व्यापारी. यंदा व्यापारी काय भावानं नेतो ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे.
रेखानं रिसिव्हर घेतला, म्हणाली, बाबाले दे. मामाजी तिथंच उभे होते म्हणे. घेतला नाही. गजूनं निरोप दिला, "बाबा म्हनते, झालं तिचं बोलून."


१३ मार्च, सोमवार
जीप आणवली, रेक्झिन फाडलं. अँपवर बोट टेकेना. उष्णता वर जाते हे शाळेतलं पोरगंही सांगेल. मी अँप पालथा घातला, उष्णता बाहेर टाकणारी पाती खाली केली, आणि वरून गोधडी पांघरली. तो जळण्याआधी स्वतः बंद पडतो, गार झाला की परत बोलतो. शहाणा म्हणायचा, माझ्यापेक्षा तरी.
रेखाला सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे माह्या तोंडात तुमीच बोळा कोंबला."

अण्णांना म्हटलं, वाक्यात "नाही" शेवटी आलं, तिथवर अँप टिकला नाही. अण्णा म्हणाले, "वाक्य शुद्ध आहे. 'नाही' शेवटीच येतं. मराठी काय मी बनवली?" आणि पेपर तोंडापुढं धरला. बराच वेळ पान उलटलं नाही.

१४ मार्च, मंगळवार. होळी
केंद्रावर साहेबांना भेटायला निघालो तर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दारात. न बोलावता. तिथं मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "चूक मजकुराची झाली, मजकूर माझा." अँपचं नावसुद्धा घेतलं नाही.  साहेब आधी कुरकुरले, मग त्या गावांसाठी एक दिवस वाढवून दिला. सोमवार, वीस तारीख.
येताना अण्णांनी उसाचा रस पाजला. छातीवरचा धोंडा उतरला खरा. पण रेखाच्या छातीवरचा आहे तिथंच आहे.

१६ मार्च, गुरुवार
अँप आता सीटमागच्या पत्र्यावर, उभा. मधे प्लायवूड, प्लायवूडखाली लाकडी ठोकळे, म्हणजे मागून वारा खेळतो. पात्यांच्या फटी उभ्या ठेवल्या, गरम हवा वर निघून जावी म्हणून. बाजूला जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, पंख्याला धुळीसाठी जाळी. लपवलं काहीच नाही. बंडू म्हणतो, "आता तं गाडीले दोन इंजन दिसून राह्यले." दिसू दे.
नवा मजकूर रेखानं स्वतः केला. "सोमवारी केंद्र चालू हाये. चालू. गाड्या आना." अण्णांनी चष्मा लावून वाचला. हातात पेन होतं, पण खोडलं काही नाही.
दु. जीप भर उन्हात उभी करून पूर्ण आवाजात कॅसेट लावली. जेवून आलो, सुरूच. डुलकी काढली, सुरूच. चहावाला कावला, "वहिनीले म्हना, समजलं." हात ठेवला. गरम होता, पण ठेवता येत होता. किती दिवसांनी नीट हसलो.

१८ मार्च, शनिवार
बंडू फिरून आला. सगळी गावं. आवाज कुठंच गेला नाही.

२० मार्च, सोमवार
आले. त्या बाजूच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. मामाजींचा कापूस दु. मोजून झाला. रेखा डबा घेऊन आली होती. मामाजींनी गाडीच्या सावलीत बसून भाकर, झुणका, सगळं खाल्लं. तिच्याशी शब्द नाही. डबा मात्र स्वतः विसळून दिला.
निघताना गजूनं मला बाजूला घेतलं. "शनिवारी जीप गावात आली तं बाबा तिच्यामागं चालत गेलते. पार गावाबाहेरच्या पांदनीपर्यंत. म्या म्हटलं, बाबा, ऐकलं ना आता, चला. तं म्हनते, पोरीचं बोलनं पुरं होऊ दे."
घरी येऊन रेखाला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबला. मला वाटलं आता विचारेल, भरोसा नव्हता म्हून गेलते का आवाजासाठी गेलते. 
तिनं विचारलं, "त्याइचा गुडघा दुखते. काठी होती का हाती?"
गजूला हे विचारायचंच राहिलं.