सहाच्या आत

बाबा, मागच्या पत्रात मी एक चूक केली. आपल्या तळमजल्याच्या फ्लॅटमागचं लॉन तुम्ही ओसाड जागेवर लावलंत, असं लिहिलं. तसं नव्हतं. परवा आई बाजारातल्या अळूचं फदफदं ढवळत होती आणि सहज म्हणाली, "अळू विकत आणायचं म्हणजे कसंतरीच वाटतं बघ. मागे एवढं होतं माझं." अळू, गवती चहा, कढीपत्ता. माझ्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि मला घेऊन परतली, तर मागे हिरवा गालिचा! "बोलली नाहीस काही?" "बोलले ना. तर हे म्हणाले, मुलुंडमध्ये राहतो आपण, गावात नाही."

शाळेत घालायच्या आधी तुम्हीच मला शिकवायला बसवायचात, त्या लॉनच्या काठावर. अक्षर चुकलं की वही मिटायची आणि गवतात घुसलेला लव्हाळा उपटायला लावायचात, खालच्या गाठीसकट. गाठ तुटून आत राहिली तर तुम्ही ओरडत नव्हता, नुसतं बघायचात. ते बघणं अजून माझ्या मानेवर आहे. ऑफिसातला साधा मेलही मी चारदा वाचते. आणि तुम्ही घरी यायच्या आत, सहाच्या आत, लॉनवर काही दिसता कामा नये: माझा चेंडू नको, आईची पापडाची चादर नको. आमचं पाऊलही नको.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आई अजून कपडे वाळत घालायला काठाकाठाने जाते. म्हणून मी ठरवलं, तिथे तिचे वाफे करायचे. खणायचं नाही. गवत बारीक कापायचं, भिजवायचं, वर पुठ्ठे एकमेकांवर चढवून अंथरायचे, त्यावर शेणखत आणि पालापाचोळा. अंधारात गवत मरतं आणि त्याचंच खत होतं. हे वाचून मला किती बरं वाटलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं. मी फ्रिजच्या खोक्यांवरची टेप नखाने सोलून काढली. वरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "काय गं, भंगारवाला बोलावलायस? बाबा असते ना, वाट लावली असती तुझी!"

खताच्या गोण्या दुसऱ्या दिवशी येणार होत्या. पुठ्ठ्यांवर विटा ठेवून मी ऑफिसला गेले. परतले तर ओले पुठ्ठे भिंतीला टेकवलेले, विटा ओळीने रचलेल्या, गवत मोकळं. "आई, हे काय?"

"अगं, सहा वाजत आले होते," ती म्हणाली. मग स्वतःच थबकली आणि पदराने हात पुसत राहिली. मी तिला काय बोलणार? तिला शोधत मागे गेले, तेव्हा मीही चपला हातात घेऊन काठानेच गेले होते.

तुमची मला दया येत नाही. यायला हवी, असं पुष्कळ जण म्हणतात. दर सर्वपित्रीला आई काठावरून वाकून तुमचं पान लॉनवर ठेवते आणि कावळा शिवेपर्यंत हात जोडून उभी राहते. या वेळी पान पुठ्ठ्यांवर, शेणखतावर ठेवू. शिवला तर शिवला.

गोण्या आल्या आहेत. आईने अळूचे कंद बादलीत भिजत घातलेत, मी न सांगता. मागचं पत्र आणि हे, दोन्ही पुठ्ठ्यांखाली घालीन, कागद चालतो. भीती वाटते, अजूनही. पण रविवारी, सर्वपित्रीच्या सकाळी, स्वयंपाकाला लागायच्या आधी पुठ्ठे पुन्हा अंथरू.