हसेल त्याने भांडी घासायची

४ मार्च, मंगळवार

मख्खराव गेला. सकाळच्या बातम्यांत सांगितलं. मी वेणी घालत होते, ती घालून पूर्ण केली. डबा भरला. काहीच वाटलं नाही.

आई म्हणाली, "अगं बाई! साठीचाही नव्हता." मग हातातलं काम टाकून आतल्या खोलीत गेली, बाबांच्या पुढ्यात उभी राहिली आणि त्यांना सांगितलं. बाबा बुटाची नाडी बांधत होते. बांधली. सोडली. पुन्हा बांधली आणि कारखान्यात गेले.

५ मार्च, बुधवार

वाचनालयात दिवसभर हाच विषय. वर्तमानपत्रांसाठी रांग. सगळ्यांत त्याचा तोच फोटो, आणि सगळीकडे तो तसाच, तोंडावरची माशी न हलणारा. पोस्टमन म्हणाला, "स्वतः गेल्याची बातमीसुद्धा याने अश्शीच दिली असती." रांगेतले हसले. मी पुस्तकांवर शिक्के मारत राहिले.

खरं तर मला रडायला हवं होतं. आमच्या घरात रविवारची संध्याकाळ म्हणजे टीव्हीवर मख्खराव. अर्धा तास तिघं सतरंजीवर, आणि नियम एकच — हसेल त्याने रात्रीची भांडी घासायची. आई पहिल्या पाच मिनिटांत बाद. मी ओठ चावून चावून रक्त काढायची, तरी हरायची. माझ्या लहानपणी बाबाही हरायचे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे! मग कधीतरी हरायचे थांबले. गेली कित्येक वर्षं ते अजिंक्य. आई म्हणते, "दोन मख्खराव. एक पेटीत, एक पेटीसमोर."

६ मार्च, गुरुवार

नोकरीचं अजून काही नाही.

म्हणजे नोकरी आहे. आठ तासांवरच्या गावातली शाळा, विज्ञान शिकवायचं. जिथे प्रयोगशाळेच्या नावाने एक कुलूप लावलेलं कपाट आहे! मला तेच हवंय. ते कपाट उघडायचंय. अठरा तारखेच्या आत उत्तर टपालात टाकायचं आहे.

रविवारी बाबांना सांगितलं. ते दारात सायकलची साखळी पुसत बसले होते. समोर जायचं धैर्य होईना, म्हणून पाठीलाच सांगितलं, एका दमात. त्यांनी साखळी पुसली, चिंधी घडी करून ठेवली, हात धुवायला गेले. ना हो, ना नाही.

भांडूनही जाता येईल. पण ज्या माणसाने माझ्या पदवीची प्रत खिळ्यांच्या कारखान्यात मशीनमशीनपाशी नेऊन दाखवली, त्याच्याशी भांडून मला जायचं नाही.

८ मार्च, शनिवार

काउंटरवर एक कोरी वही ठेवली, "मख्खरावच्या आठवणी". ग्रंथपालबाई म्हणाल्या, "तुझं आपलं काहीतरी." पण संध्याकाळपर्यंत नऊ पानं भरली.

"तुम्ही कधी हसला नाहीत. माझ्या सासूबाईंशी तुमचं छान जमलं असतं."

"माझ्या जबड्याला टाके होते. डॉक्टरांनी दोन गोष्टी बंद केल्या, कडक पदार्थ आणि तुमचा कार्यक्रम. कडक पदार्थांचं पथ्य मी पाळलं."

"बायको गेल्यानंतर घरात पहिला आवाज झाला तो माझ्या हसण्याचा. मी घाबरून टीव्ही बंद केला. मग परत लावला."

हे शेवटचं दोनदा वाचलं. अक्षर फार नीट होतं. तरी काही नाही. आत जणू कुणी टाळं लावलंय.

९ मार्च, रविवार

जुना भाग दाखवला. चौकशीच्या खिडकीवरचा. "साहेब येतील का?" — "येतील." — "कधी?" — "आल्यावर." आई हसली आणि लगेच डोळे पुसू लागली. मी हसले नाही, पहिल्यांदाच. बाबाही नाही. बरोबरी झाली. भांडी आईने घासली.

११ मार्च, मंगळवार

आज आईला बोललेच. तिची एक सवय मला वर्षानुवर्षं खुपते. बाबांना साधं "मीठ संपलंय" सांगायचं असलं तरी ती हातातलं टाकून उठते, त्यांच्या समोर जाऊन उभी राहते, त्यांनी वर बघेपर्यंत थांबते, मग बोलते! एखाद्या कारकुनाने साहेबापुढे उभं राहावं तशी. म्हटलं, "आई, बसल्या जागेवरून बोल ना! तूही माणूस आहेस या घरातलं."

"खूप शिकलीस गं," एवढंच म्हणाली.

टोमणा होता की काय, कळलं नाही.

१२ मार्च

काही नाही.

१३ मार्च, गुरुवार

शेजारच्या टेलरकाकांनी शनिवारी सभा ठरवली आहे. वाचनालयाचा वरचा हॉल, टीव्ही, टेपा, रिकामी खुर्ची. अट अशी, की हसायचं नाही. हसेल त्याने व्हरांड्यात जायचं. "श्रद्धांजलीला लोक रडू आवरतात, आपण हसू आवरायचं!" काका म्हणाले. आणि मग, "तुझ्या बाबांना आण बरं का. ते म्हणजे आमचे सचिन—" नाव अर्धवट सोडून स्वतःच हसले, "—म्हणजे बाद न होणारे गं!"

नोकरीचं विचारायला दोनदा बाबांच्या खोलीपर्यंत गेले. दोन्ही वेळा ते खिडकीकडे तोंड करून. बाहेरूनच "बाबा?" म्हटलं. वळलेसुद्धा नाहीत.

मी काय गुन्हा केलाय?

१५ मार्च, शनिवार

सभा झाली. लिहून काढते, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

साठेक माणसं. पोस्टमन, दोन नर्सा, जबड्यावर व्रण असलेला तो गृहस्थ (त्याला बघूनच ओळखलं), कारखान्यातले चार-पाच जण. काकांनी खुर्चीचा भाग लावला. मख्खरावला रिकामी खुर्ची राखायला सांगितलेलं असतं. कुणी तरी विचारतं, "ही रिकामी आहे का?" तो म्हणतो, "विचारून सांगतो," आणि खुर्चीकडे पूर्ण एक मिनिट बघत राहतो. पहिली नर्स फुटली. मग रांगच लागली, एकेक जण तोंड दाबून व्हरांड्यात. पोस्टमन तर रांगतच गेला! काका स्वतः बाद.

हॉलमध्ये उरलो दोघं. बाबा आणि मी. दारातून कुणीतरी म्हणालं, "लेकीने बापाचा चेहरा घेतलाय रे!"

तेवढ्यात टीव्हीचा आवाज गेला. चित्र चालू, आवाज बंद. काकांनी पेटीला दोन चापट्या मारल्या. व्हरांड्यातून ओरडा — "आवाज! आवाज!" मीसुद्धा मागे वळून बघितलं. बाबा मात्र होते तसेच, गुडघ्यावर हात, नजर पडद्यावर. शेवटपर्यंत पाहिलं त्यांनी ते मुकं चित्र.

"याला म्हणतात चाहता!" म्हणून लोक टाळ्या वाजवत आत आले. बाबांना मख्खरावची तसबीर दिली. "दोन शब्द बोला!" — मागून तीनदा ओरडले. बाबा तसबिरीकडे बघत उभे. मग येऊन बसले. हॉल हसून लोटपोट!

मी नाही हसले. मनात आलं, साठ माणसांसाठी दोन शब्द नाहीत, ठीक आहे. माझ्यासाठी एक तरी?

१६ मार्च, रविवार

नकाराचं पत्र लिहिलं. चार ओळी. "घरगुती कारणामुळे." उद्या टाकीन.

काल वही घरी आणली होती, शेवटचं पान बघायचं राहिलं होतं. एक ओळ आहे, नाव नाही. पण तो "ळ" मी ओळखते. कारखान्याच्या हजेरीत आणि माझ्या प्रगतिपुस्तकांवर तोच आहे. बाबांनी लिहिलंय:

"तुमच्यासमोर मी सगळ्यांसारखा असायचो."

म्हणजे काय?

आज जुना भागही दाखवला नाही. बाबा वेळ झाल्यावर सतरंजीवर जाऊन बसले, बंद टीव्हीसमोर. आईने जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा उठले.

१७ मार्च, सोमवार

पत्र टाकलं नाही.

सकाळी मांडणीवरून ताटांची अख्खी चळत माझ्या हातून पडली. भिंतीपलीकडून टेलरकाका ओरडले, "घर पाडलंत काय?" बाबा दोन हातांच्या अंतरावर, पाठमोरे, चहा पीत होते. मान वळली नाही. कप हलला नाही.

आई दारात होती. "तू नववीत होतीस," ती म्हणाली. "मशीनने कान नेले. कारखान्यात कळलं असतं तर त्यांना मशीनवरून काढलं असतं. तुझं शिक्षण व्हायचं होतं."

बाबांच्या समोर जाऊन बसले. अगदी समोर. ते वर बघेपर्यंत थांबले. मग शाळा, गाव, कपाट, अठरा तारीख, सगळं पहिल्यापासून सांगितलं, सावकाश. ते माझ्या ओठांकडे बघत होते. चेहऱ्यावर काही नाही.

"मग अजून इथे काय करतेस?" म्हणाले.

मी हसले. नंतर रडलेही, पण आधी हसले.

भांडी मी घासली.