दोन बदल

दि. ४ मार्च

चि. बटूस,
अ. उ. आ. वि. वि.

रक्ताचा रिपोर्ट आला, सोबत पाठवतेय. सहा वर्षं माझ्या कर्करोगाला मुकाट बसवणारी गोळी आता लागू पडत नाही. किनेजमध्ये बदल झालाय, असं डॉक्टर म्हणाले, तर तुझे भावोजी माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काही खोडी केली. बांधणीला आलेली पुस्तकं तशीच पडलीत. सुई ओढताना दम लागतो. तू अकरा वर्षं त्याच किनेजच्या मागे आहेस. सरळ सांग, प्राध्यापकी नको.

माया आहेच. जेवत जा.
तुझी ताई

दि. १२ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

किनेज म्हणजे पेशीतलं एक प्रथिन. बाहेरून निरोप आला की ते दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं, त्यातून पेशीला कळतं की आता वाढायचं. निरोप थांबला की गप्प बसतं. तुझ्या रक्तातलं गप्प बसतच नाही. गोळी त्याच्या खाचेत बसून त्याला अडवायची. आता खाचच बदलली. एकच बदल असता तर दुसरी गोळी होती. तुझ्यात दोन आहेत. अस्थिमज्जा बदलायचा उपाय होता, पण माझी तुला जुळली नाही, हे मनातून जात नाही.

आमच्या प्रयोगशाळेतलं नवं द्रव्य मात्र अशा पेशी काचेच्या बशीत मारतं. उंदरांवर चाचणी चालू आहे. तग धर.

तुझ्या मायेचा हक्कदार,
बटू

दि. २ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

उंदीर मेले. कर्करोग आटोक्यात आला होता, पण हृदयं थकली. हृदयालाही काही किनेज लागतात, आमचं द्रव्य त्यांनाही अडवतं. आमच्या प्रमुख बाईंनी काम बंद केलं. तुझ्यासाठी थोडं मागितलं, तर म्हणाल्या, बहिणीला विष पाजायला मी मदत करणार नाही.

परवा एक कुपी खिशात घातली. बसथांब्यापर्यंत गेलो. दोन बस सोडल्या आणि परत जाऊन ती जागेवर ठेवली. शहाणपणा केला की घाबरलो, कळत नाही. अकरा वर्षं, ताई, आणि तुला द्यायला हातात काही नाही.

लोभ ठेव म्हणायलाही तोंड नाही.
बटू

दि. ९ मे

चि. बटूस,
अ. उ. आ.

अक्षर भावोजींचं आहे, सांगतेय मी. तू घाबरलास, बरं झालं. कुपी आणली असतीस तर काही न विचारता प्यायले असते, इतकी जगायची हाव सुटलीय. आणि मग तू जन्मभर त्यातच राहिला असतास.

डॉक्टर आता महिन्यांऐवजी आठवड्यांत बोलतात. पलंग पुढच्या खोलीत आणलाय. भावोजी स्वयंपाकघरात नळ सोडून रडतात. त्यांना वाटतं, मला ऐकू येत नाही. हे वाक्य लिहायला ते तयार नव्हते, मीच लिहायला लावलं.

उत्तर पाठवू नकोस. तू ये.

ताई