विस्तवाजवळची जागा आणि सुनेचा अळणी कट

तीर्थस्वरूप ओतिलियाताई यांस धाकटा भाऊ लिसांद्रो याचा आदरपूर्वक नमस्कार. आपले गुडघे, आपल्या कोंबड्या आणि आपला तो तोंडाळ पोपट सुखरूप असावेत, अशी अपेक्षा करतो. माझी प्रकृती बिघडली होती. ती कशी बिघडली, यापेक्षा कोणी बिघडवली, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

रेल्वे क्लबाच्या वार्षिक जेवणात गाईच्या बरगड्या विस्तवावर भाजण्याचा मान माझा आहे, हे आपण जाणताच. जेवण संपल्यावर मंडळी भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवतात. (मी टाळ्यांसाठी भाजत नाही. तथापि त्या वाजल्या पाहिजेत.) हे जेवण येत्या रविवारी आहे, आणि माझी सून ग्रिसेल्दा हिचा भाऊ वाल्देमार याचा त्या विस्तवावर डोळा आहे. त्याने चामड्याचा नवा एप्रन शिवून घेतला आहे. निर्हेतुक मनुष्य एप्रन शिवत नाही.

उन्हाळ्यात डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबासाठी मला एक गोळी दिली, जिच्यामुळे लघवीला वारंवार जावे लागते, आणि मीठ कमी करण्यास सांगितले. ग्रिसेल्दाने त्याच दिवशी मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली. मला जे कमी मिळणार, ते मुळीच नको, असे मी तिला ठणकावून सांगितले आणि मीठ पूर्णपणे वर्ज्य केले. त्यानंतर माझ्या अंगातले त्राणच गेले. खुर्चीत बसलो की डोळा लागे, बूट चढवताना धाप लागे. घरच्या अंगणात बरगड्या भाजताना तर मी विस्तवासमोरच घोरू लागलो, आणि जागा झालो तेव्हा चिमटा वाल्देमारच्या हातात होता. “आजोबा, तुम्ही झोपा निवांत, आम्ही आहोत ना!” असे तो सर्वांसमोर म्हणाला. मी त्याचा आजोबा नाही.

त्यातच माटेच्या कडू चहाचा उपद्रव. ग्रिसेल्दा सकाळपासून किटली घेऊन समोर बसते आणि माटेचा भोपळ्याचा पेला भरभरून माझ्या हाती देते. आपल्यात ‘ग्रासियास’ म्हणून आभार मानले की पुरे झाले असे समजतात, आणि न म्हटल्यास भोपळा पुन्हा भरून येतो. परंतु ज्या बाईने माझे मीठ फळीवर ठेवले, तिचे आभार मी कोणत्या तोंडाने मानावे? भोपळे येत राहिले. ते मी पीत राहिलो, कारण दिलेला माटे परत करणे असभ्यपणाचे आहे. (ती मला पाण्यात बुडवून मारणार, असा माझा तर्क होता.)

अखेर अंगणात घेरी येऊन पडलो. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले आणि त्या माझ्यावरच ओरडल्या, “अहो, मीठ कमी करा म्हटलं होतं, सोडा म्हटलं नव्हतं! आणि एवढं पाणी प्यायला कुणी सांगितलं? रक्तातलं मीठच उतरलंय. थकणार नाही तर काय!” त्यांनी मला दोन रात्री दवाखान्यात ठेवून घेतले, गोळी बदलली, माटेवर मर्यादा घातली आणि माफक मीठ पुन्हा सुरू केले. आता त्राण परत येत आहे. ग्रिसेल्दा मात्र दाराशी उभी राहून रडत होती. अपराधी मनुष्यही रडतो, याची मी नोंद घेतली आहे.

सर्वांस यथायोग्य सांगावे. पोपटास मी काही सांगत नाही.

आपला आज्ञाधारक,
लिसांद्रो

ता. क. एक गोष्ट कोणासही कळू देऊ नये. इतके महिने अळणी खाल्ल्याने माझ्या जिभेला मिठाचा अंदाज राहिलेला नाही. चिमूटभर मीठही समुद्रासारखे लागते. तरी रविवारी आपण अवश्य यावे आणि विस्तवाशेजारी बसून तुकडा चाखावा. मीठ कमी असल्यास खोकावे, जास्त असल्यास पोपटाविषयी बोलावे.

ता. क. पुन्हा. पाकीट बंद करण्यापूर्वीच ग्रिसेल्दा येऊन म्हणाली, “मामंजी, परवा तुम्ही रश्श्यात मीठच टाकलं नाहीत, तेव्हाच ओळखलं मी. रविवारी मी शेजारी उभी राहून चाखते. वाल्देमारला फक्त लाकडं आणायला सांगितलंय. टाळ्या तुमच्याच.” मी मान डोलावली. इतक्या सरळ बोलण्यामागे काय डाव असावा, तो मला अद्याप उमगलेला नाही. तरी आपण यावेच, आणि मांसाऐवजी तिच्यावर लक्ष ठेवावे.