वंदूच्या हृदयाची भिंत

११ मे १९९७, रोहा
दिलीपचं तेरावं काल उरकलं. माझा धाकटा भाऊ. कबड्डीच्या सामन्यात चढाई करून परतला, मध्यरेषेला हात लावला आणि उठलाच नाही. पोस्टमॉर्टेम केलेल्या डॉक्टरांनी आज मला बोलावून घेतलं. हृदयाची भिंत जाड होती म्हणाले. काही घराण्यांत हे रक्तातूनच येतं. एरवी माणूस धडधाकट, जोर लावला की एखाद्याचा ठोका बिघडतो. "भावंडांनी तपासून घ्या. त्यांच्या मुलांनीही."
भावंडं म्हणजे मी एकटी. मुलं म्हणजे माझी वंदू. कॉलेजात आहे, जिल्ह्याच्या संघातून खेळते. तिला कबड्डी मामानेच शिकवली.
आईचं एकच चाललंय, "खेळानं नेला गो त्याला. पोरीला घरात बसव."

२४ मे, पेण
मुंबईच्या हॉस्पिटलात दोघींच्या हृदयाचा इको झाला. ह्यांनी कंपनीत रजा टाकली होती. माझी भिंत जाड निघाली, दिलीपसारखीच. लग्नाआधी मीही कबड्डी खेळले, नंतर शाळेत खेळाची बाई म्हणून मुलींबरोबर पळाले, कधी चक्करसुद्धा आली नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, मग तो का गेला आणि मी का नाही?
"रक्तातून तेच आलं तरी प्रत्येकात सारखं वागत नाही. का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."
मला गोळ्या, धावपळ बंद. वंदूची भिंत जराशीच जाड. कसून सराव करणाऱ्यांची एवढी वाढते म्हणे. आजाराची सुरुवातही अशीच असू शकते. "तीन महिने सराव पूर्ण बंद. व्यायामाने वाढली असेल तर उतरेल. आईकडून आली असेल तर उतरणार नाही."
एसटीत पेणपर्यंत वंदू खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्याकडे.

१५ जून
शाळा सुरू. घरी वंदू नुसती बसून. दोन घास खाते आणि उठते. अंग सुटेल म्हणते. हे म्हणाले, "तीन महिने तर आहेत."

१९ जुलै
गडबच्या शाळेत बैठक होती. परतताना एसटीतून पाहिलं, हायवेच्या कडेने एक मुलगी पळतेय. वंदू! चिखलाने भरलेली, जीव खाऊन पळत होती.
घरी आल्यावर विचारलं, कधीपासून?
"पाऊस उघडला की रोज."
"का गो? तपासणी वाया गेली ना सगळी."
"बघत होते, पडते का."
हात उगारला मी. मग तसाच तिच्या पाठीवर ठेवला. ती म्हणाली, "तू माझ्याकडे बघतेस ना आई, तेव्हा तुला मामाच दिसतो. मी दिसतच नाय."
खरं आहे.

२० जुलै
पुन्हा पहिल्यापासून तीन महिने. तिने स्वतःहून पळायचे बूट ह्यांच्याकडे दिले. नागोठण्याला कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवणार.

१४ सप्टेंबर, रोहा
आईकडे. बोलता बोलता तिच्या भावाचं निघालं. मिठागरात टोपली डोक्यावर असतानाच कोसळला होता. उन्हानं गेला असंच सगळे म्हणत आले. आई म्हणाली, "म्हणजे माझ्याकडनंच आलं हे."
मी म्हटलं, नाय गो, असं कुठं असतं. पण वंदूबद्दल मी तरी दुसरं काय म्हणते मनात? नाक माझं, हट्टीपणा ह्यांचा, असं तिच्या लहानपणी कौतुकाने सांगायचो. देताना हातात काय असतं आपल्या?

२५ ऑक्टोबर
पुन्हा मुंबई. भिंत उतरलीय! पण थोडीच.
डॉक्टरीणबाई: "बहुतेक व्यायामाचीच होती." बहुतेक. काही घराण्यांत ही जाडी उशिरा दिसते, म्हणून दर वर्षी दाखवायचं. रक्त तपासून कळणार नाही का? तसलं संशोधन परदेशात चाललंय, इथे सोय नाही.
वंदूने सरळ विचारलं, खेळू का?
"खेळू नको असं मी म्हणणार नाही. बिनधास्त खेळ, असंही नाही म्हणणार."

३ नोव्हेंबर
दिवाळी झाली, सामने सुरू होतील. संघातून निरोप आलाय. हे म्हणतात, पोरगी मोठी आहे, तिचं तिला ठरवू दे. रोह्याहून आईचा निरोप, अजिबात नाय.
संध्याकाळी पोळ्या लाटत होते. वंदू शेजारी येऊन बसली.
"आई, तू नाय म्हण. मी सोडते. मनापासून सोडते. पण तू म्हण."
लाटणं हातात तसंच. नाय म्हटलं तर ती घरात राहील, दिलीपसारखी जाणार नाही. आणि भिंत नुसती व्यायामाचीच असली तर? खेळ उगाच सुटायचा. पोळी करपली.

९ नोव्हेंबर
आज ती मैदानावर गेली. मीही गेले. कडेला दगडावर बसले. मुलींनी विचारलं, बाई, तुम्ही इथे कशा? म्हटलं, सहज.
तिची चढाई आली. कबड्डी कबड्डी कबड्डी. तिचा दम ऐकत बसले, मध्ये कुठे तुटतोय का. दोन गडी टिपून परतली. गुडघ्यांवर हात टेकून वाकली, धापा टाकत राहिली. मी उठून उभी. मग तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं. घामेजलेला लाल चेहरा. तिचाच.
मी मानेने नाय म्हटलं नाही. व्हय पण म्हटलं नाही. खाली बसले.
शिट्टी झाली. ती पुन्हा रेषेपलीकडे गेली.