टाकीतल्या पिल्लांना पाय का फुटले नाहीत

ती. ताईस,

धाकट्या भावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो (नसली तरी तू थोडीच कळवणार आहेस). भाऊजींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. पुन्हा पेपर वाचायला लागलेत म्हणतेस, तेवढं मात्र आवर; बऱ्या डोळ्यांनी वाचावं असं त्यात काही नसतं. आम्ही मजेत आहोत. मजेत म्हणजे कसे, ते सविस्तर लिहितो, कारण हल्ली कॉलेजात माझ्याशी कुणी बोलत नाही आणि वेळच वेळ आहे.

मुलांना दाखवायला मी दरवर्षी प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत, नदीच्या पाण्यात (आमच्या नळालाही तेच येतं), बेडकाची शेपटीवाली पिल्लं वाढवतो हे तुला ठाऊक आहे. यथावकाश त्यांना पाय फुटतात, शेपूट जिरते आणि ती उड्या मारायला लागतात. यंदा पिल्लं खाऊनपिऊन चांगली गुबगुबीत झाली, पण पायांचं नाव नाही. आमचे प्राचार्य (मुलांनी त्यांचं नाव ‘होयबा’ ठेवलंय, मुलांना अक्कल नसते असं कोण म्हणतं?) म्हणाले, खाणं कमी करा. केलं. पिल्लं रोडावली, पाय नाहीतच. मग थोडी पिल्लं साठवलेल्या पावसाच्या पाण्यात ठेवली, तर ती शहाण्यासारखी बेडूक झाली.

आता मोठं होण्याचा हुकूम सोडते ती गळ्यातली थायरॉईड ग्रंथी. नदीच्या वरच्या अंगाला आग न धरणाऱ्या गाद्यांचा कारखाना आहे. त्याच्या सांडपाण्यातली द्रव्यं त्या ग्रंथीच्या रसाचं सोंग घेतात आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसतात, अशी माझी खात्री झाली. स्वतः काम करत नाहीत, खुर्चीही सोडत नाहीत. (कचेरीत एकदा तरी खेटे घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.) नदीतले मासे आणून चिरले, तर त्यांच्याही गळ्याखाली फुगवटे. आणि आमची मांजर वर्षानुवर्षं याच नदीच्या माशांवर पोसलेली. ती आता दिवसभर खा-खा करते आणि वाळत चालली आहे. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हिचं थायरॉईड वाढलंय. कशामुळे, ते छातीठोकपणे सांगता यायचं नाही. म्हणजे माशांची ग्रंथी मंदावली, मांजरीची उधळली. नदीने दुजाभाव केला असं मात्र नाही.

मी तक्रार केली. पाहणी समिती येणार असं ठरलं आणि होयबांची धावपळ सुरू झाली, कारण आमची प्रयोगशाळा, टाकी, एवढंच काय मी बसतो ते स्टूलसुद्धा कारखान्याच्या देणगीतलं. समितीला बिनपायांची पिल्लं दिसू नयेत म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळी, मला न विचारता, बाहेरगावाहून थोराड बेडूक मागवले आणि टाकीत सोडले. गर्दीत पिल्लं लपून जातील असा त्यांचा अंदाज. (गृहस्थ इतिहासाचे. बेडूक काय खातो हे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं.) सकाळी मी कुलूप उघडलं तर टाकीत फक्त बेडूक, ढेकर द्यायच्या बेतात, आणि सगळा पुरावा त्यांच्या पोटात.

समितीचे अध्यक्ष आले, टाकीवर वाकले आणि म्हणाले, "सर, बेडूक तर उत्तम आहेत."

"साहेब, हे आमचे नाहीत," मी म्हणालो.

"बेडकांच्या बाबतीत आपलं-परकं करू नये," असं ते म्हणाले आणि सगळे हसले. होयबा सगळ्यांत मोठ्याने.

मग पाणी तपासलं. रंग, वास, आंबटपणा, सगळं नियमात. ज्याची तक्रार होती ते तपासायची त्यांच्याकडे सोयच नव्हती, म्हणून ते पाण्यातही नव्हतं. ताई, मी आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांसमोर आवाज चढवला. पुन्हा पिल्लं वाढवीन म्हणालो, बाहेरच्या प्रयोगशाळेत पाणी पाठवीन म्हणालो, मेलो तरी गप्प बसणार नाही म्हणालो.

तुझा,
धाकटा

ता. क. — अहवालाखाली तक्रारदाराची सही लागते: ‘शंकेचे निरसन झाले.’ केली. जावई त्याच कारखान्यात आहेत आणि यंदा कायम व्हायचे आहेत. सहीसाठी होयबांनी स्वतःचं पेन पुढे केलं. पेन चांगलं चालतं.

आणखी एक ता. क. — पत्र खरं तर यासाठी लिहितोय. लेकीला पाचवा महिना लागलाय. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून तिला थायरॉईडची गोळी सुरू केली. घाबरू नका, हल्ली इथे बऱ्याच जणींना असतं, म्हणाल्या. ‘बऱ्याच जणींना’ हे ऐकूनच मी घाबरलो. गोळी चालू राहील, पण बाळंत होईपर्यंत तिला तुझ्याकडे ठेवून घे. खरं कारण सांगू नकोस. नवऱ्याच्या नोकरीला धक्का लागेल या भीतीने ती निघायचीच नाही. तुझे गुडघे धरलेत, हाताशी कुणी हवं, असं म्हण. रविवारच्या गाडीने पाठवतो. स्टेशनवर येताना तुमच्या विहिरीचं पाणी घेऊन ये. तिला प्रवासात तहान फार लागते, आणि घरची बाटली मी तिच्याबरोबर देणार नाही.